उतरलेल्या सेलवरचे बीटल्स

रॉक संगीताबद्दल माझी मतं अत्यंत ठाम आहेत, आणि ती सगळीच्या सगळी सेलवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरवर तयार झालेली आहेत. नवे सेल टाकले की बीटल्स विशीतले, आठवड्याभराने तेच चौघं जरा पोक्त, आणि महिनाअखेरीला, पगाराच्या तोंडावर, जॉन लेनन निवृत्तीला टेकलेला. त्यामुळे 'बीटल्स पुढे पुढे फार गंभीर होत गेले' असं कुणी जाणकार म्हणाला की मी जोरजोरात मान हलवतो. त्याला त्यांचे शेवटचे अल्बम म्हणायचे असतात. मला सेल.

'सॅटर्डे नाइट फीव्हर' (१९७७) मी पहिल्यांदा ऐकला तो एका सधन मित्राच्या घरी, विजेवरच्या डेकवर. ऐकताक्षणी मी त्याला सांगितलं की तुझं मशीन जोरात पळतंय, मेकॅनिकला दाखव. तो म्हणाला, बी जीज असेच गातात. तीन सख्खे भाऊ, दाढ्या वगैरे असलेले, आणि असे गातात? मी त्या बिचाऱ्याला डेकचा पट्टा बदलायला लावला. पुढे तोच अल्बम आमच्या घरी, सेल उतरलेले असताना, अगदी मर्दानी आणि समजूतदार ऐकू आला. आजही माझं मत आहे की बी जीज उतरत्या सेलवरच ऐकावेत. लेनर्ड कोहेनचं बरोबर उलटं झालं. त्याचा 'आय ॲम युअर मॅन' (१९८८) आणला, नवे सेल टाकले, तरी आवाज आपला विहिरीच्या तळाशी. मी सेल परत करायला गेलो. दुकानदाराने ते माझ्यासमोर टॉर्चमध्ये घातले. टॉर्च लख्ख पेटली. कोहेन मात्र तसाच.

तुम्हाला वाटेल, हा माणूस यंत्रांनाच का धरून बसलाय. त्याला कारण आहे. आमच्या तरुणपणी विलायती एलपी विकत घेणं ही आमच्या घराण्यात दागिने करण्याच्या पातळीवरची गोष्ट होती, आणि मूळ कॅसेटही परवडायची नाही. मग गिरगावात एक कॅसेट भरून देणारा होता, त्याच्याकडे जायचं. त्याच्याकडे एलपींची भिंत होती, आपण कोरी कॅसेट आणून द्यायची, वहीत अल्बमचं नाव लिहायचं आणि चार दिवसांनी न्यायला यायचं. या माणसाबरोबर माझं जे काही झालं ते 'ॲबी रोड'वरून (१९६९) झालं.

साठ मिनिटांची कॅसेट, एलपीची एक बाजू इकडे, दुसरी तिकडे. घरी आणून लावली. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं म्हणजे लेननचं प्रेमाचं एक अवजड प्रकरण, जवळजवळ पावणेआठ मिनिटांचं; शब्द मोजके, पण गिटारची तीच तीच ओळ फिरून फिरून अशी चढत जाते की ऐकणाऱ्याला वाटावं आता काहीतरी कोसळणार. मागे वाऱ्याचा सोसाटा वाढत जातो, मी खुर्चीच्या कडेवर येतो, आणि खाट्‌. मधल्या सुरात गाणं तुटलं. पुढे कोरी रीळ नुसती खरखरत फिरत राहिली. याचा अर्थ मी असा लावला की या गृहस्थाने एलपी उचलली, मशीन तसंच चालू ठेवलं आणि चहाला गेला.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात. तो म्हणाला, गाणंच तसं आहे. मी म्हणालो, गाणं असं असूच शकत नाही, गाण्याला शेवट असतो, समेवर या, नाहीतर निदान हळूहळू लांब जा. त्याने एलपी लावून दाखवली. तिथेही खाट्‌. मी म्हणालो, मग तुमची एलपीच फुटकी आहे. दुकानात तीन-चार गिऱ्हाईकं उभी होती, त्यातल्या एकाने माझी बाजू घेतली. त्याला बीटल्स माहीत नव्हते, पण भांडण आवडत होतं. कॅसेटवाल्याने पुन्हा भरून दिली. पुन्हा खाट्‌. मी पुन्हा दुकानात. अखेर त्या सज्जनाने माझ्याकडे बराच वेळ बघितलं, म्हणाला, "ठीक आहे साहेब, शनिवारी या," आणि शनिवारी मला जी कॅसेट दिली तिच्यात ते गाणं शेवटी हलकेच, अदबीने, विरत विरत संपत होतं. मी जिंकलो. खुशीत त्याला दोन रुपये वर दिले.

बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं की ती टेप लेननने मुद्दाम तिथे कापायला लावली होती. म्हणजे माझ्या गिरगावकराने माझ्यापायी, भरताना हाताने आवाजाचं बटण हळूहळू फिरवत खाली नेलं होतं. जगात 'ॲबी रोड'च्या कोट्यवधी प्रती असतील. सभ्यपणे संपणारी एकच आहे आणि ती माझ्या माळ्यावर, चिवड्याच्या डब्यात आहे.

एकदा असा विजय मिळाला की माणूस थांबत नाही. पिंक फ्लॉइडचा 'विश यू वेअर हिअर' (१९७५) घ्या. नावाचं गाणं सुरू होतं तेच मुळी लांबच्या स्टेशनवरून, खरखरत, जुन्या रेडिओतून आल्यासारखं. ते त्यांनी हौसेने तसं केलंय, गिल्मरच्या गाडीतल्या रेडिओवरून टेप केलंय. मला काय माहीत? मी कापसाच्या बोळ्याला कोलन वॉटर लावून टेपचं हेड पुसलं. मग काडेपेटीच्या काडीने पुसलं. मग स्क्रू काढले. त्या गाण्यात पुढे खरी गिटार स्वच्छ वाजू लागते, ती आली तेव्हा माझ्या एका हातात हेड होतं आणि दुसऱ्या हातात स्प्रिंग, म्हणजे ती मला ऐकू यायचं कारणच नव्हतं. तरी सांगतो, फ्लॉइडचा सगळ्यात चांगला अल्बम हाच. 'द वॉल' (१९७९) फार लांबलाय, त्यातली निम्मी भिंत पाडली तरी छप्पर पडणार नाही.

लग्न झाल्यावर यंत्रांच्या जोडीला संशय घ्यायला आणखी एक माणूस मिळालं. 'अ नाइट ॲट द ऑपेरा' (१९७५) ऐकत होतो, क्वीनचा. त्यातलं ते प्रसिद्ध लांबलचक गाणं सुरू झालं, पियानो, करुण आवाज, आई वगैरे, छान चाललं होतं, आणि मधेच दहा-बारा माणसं एकदम नाटकी आवाजात एकमेकांवर ओरडायला लागली. मी स्वयंपाकघरात जाऊन शांतपणे विचारलं, "अगं, माझ्या कॅसेटवर तू नाटक टेप केलंस का?" ती कणीक मळता मळता म्हणाली, "मी टेप केलं असतं तर रामदास कामत केले असते. आणि ते ओरडत नाहीत." हा फ्रेडी मर्क्युरी लहानपणी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत होता हे कळल्यावर तिचं त्याच्याबद्दलचं मत एकदम निवळलं. "थंडीत राहिलेला आहे, घसा बसला असेल," म्हणाली.

मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ची (१९८२) हकीकत त्याहून छोटी. नावाच्या गाण्याच्या सुरुवातीला दार करकरतं. मी उठलो आणि आमच्या दाराच्या बिजागरीत खोबरेल सोडलं. पुढच्या वेळीही करकरलं. आणखी सोडलं. ते दार आजही इतकं हलकं फिरतं की वाऱ्याने उघडून मांजर आत येतं.

आपल्याकडची माणसं त्या जगात दिसली तरी मी ती मानायला तयार नसायचो. एका मित्राकडे 'रिव्हॉल्वर'ची (१९६६) एलपी होती. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत तबल्यापुढे अनिल भागवत हे नाव. मी हसलो. म्हटलं, लंडनचा छापखाना, काय वाटेल ते छापतो. भागवत आमच्या आळीत पौरोहित्य करत. ते बीटल्सबरोबर कशाला बसतील? दुसऱ्या कुणीतरी सांगितलं की ॲलेक पदमसींनी १९७४ साली 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' इंग्रजीत केलं त्यात ज्यूडास झाला होता तो आत्माराम भेंड्यांचा मुलगा. मी म्हटलं, 'झोपी गेलेला जागा झाला'वाल्या भेंड्यांचा? शक्यच नाही. मग पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'त (१९७८) ते नंदू भेंडे डोळ्यांसमोर उभे राहून असे काही गायले की मला प्रेक्षागृहात खाली मान घालून, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने टाळ्या वाजवाव्या लागल्या.

१९९० च्या सुमारास आम्ही गिरगावातली खोली सोडून मीरा रोडला आलो. तेव्हा इथे इमारती कमी, मिठागरं जास्त, आणि पाणी टँकरचं. रॉकसाठी हे गाव फारच सोयीचं. कितीही मोठ्याने लावा, शेजारी टँकरच्या रांगेत असायचे. अडचण एकच होती, मुंबईत काही ऐकायला गेलं तर परतायचं कसं. धोबी तलावच्या रंगभवनला तेव्हा इंडिपेंडन्स रॉक भरायचा, कॉलेजची पोरं काळे टी-शर्ट घालून जायची. मीही गेलो, पांढऱ्या सफारीत. लवकर पोचलो, पुढची जागा पकडली. स्टेजवर एक केसाळ मुलगा ढोलावर एकच ठोका पुन्हा पुन्हा मारत होता, दुसरा माइकमध्ये नुसते आकडे म्हणत होता, तिसरा गिटारची एकच तार छेडून मागे कुणाकडे तरी अंगठा दाखवत होता. अशी संयमी, प्रयोगशील कला मी त्याआधी ऐकली नव्हती. मी मनापासून टाळ्या वाजवल्या. त्यांनी चमकून बघितलं आणि वायरी गुंडाळत आत गेले. घड्याळ पाहिलं, विरार लोकलमध्ये गर्दीच्या वेळी मीरा रोडवाल्याला चढू देत नाहीत आणि चढलाच तर उतरू देत नाहीत, तेव्हा वेळेत निघालेलं बरं. मी मरीन लाइन्सकडे निघालो तर दारातून लोकांचे लोंढे आत येत होते. मला वाटलं, दुसरा खेळ असेल.

मग सीड्या आल्या. सीडीत रीळ नसते, सेल उतरण्याचा प्रश्न नाही, म्हणजे आता माझ्याकडे सबब उरली नव्हती. तरी शेरचा 'बिलीव्ह' (१९९८) आणला आणि तिचा आवाज ठिकठिकाणी मोडून पत्र्याचा होत होता, तेव्हा सीडीवर ओरखडा गेला म्हणून मी टूथपेस्ट लावून ती पुसली. लवंगेची. त्यानंतर तिचा आवाज कुठल्याही सीडी प्लेयरने ओळखला नाही. निर्व्हानाच्या 'नेव्हरमाइंड'ने (१९९१) तर घरातले संबंध बिघडवले. सासरे आले होते, त्यांच्यासमोर आपण आधुनिक आहोत हे दाखवायला हळू आवाजात लावली. शेवटचं गाणं मंद आहे, ते संपलं, शांतता पसरली, सासऱ्यांचा सोफ्यावर डोळा लागला, मी दिवा घालवला. त्या शांततेत दहाएक मिनिटं जातात आणि मग यादीत न छापलेलं एक गाणं, सगळी वाद्यं एकमेकांवर फेकून मारल्यावर जो होईल त्या आवाजात, अंधारातून उठतं. सासरेही उठले. ते पुढच्या वेळी मेहुण्याकडे उतरले.

मेटालिकाचा 'सेंट अँगर' (२००३) मात्र मला पहिल्या ऐकण्यातच पटला, आणि जगभरात त्याला नावं ठेवणाऱ्यांशी मी आजही वाद घालतो. त्यात ढोलाखालच्या तारा सैल सोडून वाजवलंय, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला स्टीलच्या डब्यावर पळी बसते. लोक त्याला डबा म्हणून हिणवतात. अहो, भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत, आम्ही त्या आवाजात मुलं वाढवली! गन्स एन' रोझेसच्या 'चायनीज डेमॉक्रसी'बद्दलही माझी कटुता नाही. नव्वदच्या दशकात सुरू केलेला तो अल्बम २००८ साली बाहेर पडला. आमच्या इमारतीची ओसी तशीच निघाली, आणि दोन्ही हातात आल्यावर लोक एकच म्हणाले, एवढ्यासाठी थांबलो होतो? फक्त 'गारवा'बद्दल माझी कधी तक्रार नव्हती. ती कॅसेट हिची होती, पावसाळ्यात ती लावायची, आणि मला हात लावायला मनाई होती. म्हणूनच ती अजून वाजते.

नव्या पिढीचं संगीतही मी ऐकतो. मुलीने कानात बिली आयलिशचा २०१९ चा अल्बम घातला. सुरुवातीलाच ओलसर चुळुकबुळुक असा आवाज. मी हळूच तोंडात बोट घालून कवळी चाचपली. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमची नाही, तिची." खरंच त्या पोरीने दातांवरचा साचा काढतानाचा आवाज अल्बमच्या तोंडाशी ठेवलाय. माझ्या दातांच्या डॉक्टरांना मी ते ऐकवलं. त्यांनी बिल कमी केलं नाही.

इतकी साधना झाल्यावर सोसायटीत माझं नाव झालंच. गणपतीत एक संध्याकाळ सांस्कृतिक कार्यक्रमाला असते, जादूगार झाला होता, अंताक्षरी झाली होती, तेव्हा सेक्रेटरीभाई मला लिफ्टमध्ये म्हणाले, "साहेब, इस साल आप इंग्लिश गाने का थोडा नॉलेज दो ना सबको. लेकिन गरबा हो सके ऐसा भी रखना." मी लगेच हो म्हटलं. घरी तालीम घेतली. मुलाने 'सार्जंट पेपर'चा (१९६७) शेवट लावला आणि एकदम दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडला. शेजारचा पॉमेरियन दारावर धडका मारायला लागला. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मुलाने मोबाइलवर शोधून सांगितलं की त्या एलपीच्या टोकाला लेननच्या हौसेखातर १५ किलोहर्ट्‌झची एक शिट्टी भरलेली आहे, खास कुत्र्यांसाठी, आणि ती पन्नाशी उलटलेल्या माणसांना सहसा ऐकू येत नाही. "म्हणजे हा अल्बम तुम्ही आयुष्यात पूर्ण ऐकलेलाच नाहीये आणि आता ऐकणारही नाही," तो म्हणाला. शिट्टी कार्यक्रमातून वगळली. पॉमेरियनला मात्र आमच्या दाराची सवय लागली.

प्रत्यक्ष कार्यक्रम बोनी एमच्या 'रास्पुतिन'ने (१९७८) सुरू केला. रशियाच्या त्या बदनाम साधूवर सोसायटीतल्या बायकांनी असा काही गरबा धरला की सेक्रेटरीभाईंनी उपरणं उडवलं. तेवढ्यावर आरती करून प्रसाद वाटला असता तर आज मी चेअरमन असतो.

पण मला नॉलेज द्यायचं होतं. 'डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) काढला, तो अमेरिकेच्या यादीत १९७३ ते १९८८ मध्ये ७४१ आठवडे कसा होता हे सांगितलं, आणि 'टाइम' लावलं. त्याच्या सुरुवातीला घड्याळांच्या दुकानात जाऊन टेप केलेली पुष्कळ घड्याळं एकदम ठणाणा वाजतात. घरच्या स्पीकरवर ती गोड वाटतात. डीजेच्या उंच खोक्यांतून ती सुटली तेव्हा पुढच्या रांगेतल्या काकांना रक्तदाबाच्या गोळीची आठवण झाली आणि ते उठले, त्यांच्या मागे सगळे ज्येष्ठ आपापल्या मोबाइलचे गजर बंद करत उठले, दोन बायका गॅस बंद आहे का बघायला धावल्या आणि वॉचमनने आगीची घंटा समजून गेट उघडं टाकलं. ७४१ आठवडे टिकलेला अल्बम आमच्या मांडवात अर्धं मिनिट टिकला.

तरी उरलेल्या वीस-पंचवीस जणांना मी सोडलं नाही. माझा हुकमाचा एक्का बाकी होता. मी माइकवर सांगितलं, "आता 'ॲबी रोड'. हे गाणं पावणेआठ मिनिटांचं आहे आणि ते मधेच तुटतं. दचकू नका. तक्रार करू नका. मशीन बिघडलं असं मानू नका. ती कला आहे." लोक सावरून बसले. गाणं चढत गेलं, गिटार फिरत राहिली, वाऱ्याचा सोसाटा सुरू झाला, आणि खाट्‌. मला वाटलं होतं त्यापेक्षा जरा लवकरच आलं, पण आपल्या कॅसेटची सवय वेगळी, असं म्हणून मी हात वर केला. "हीच ती शांतता," मी म्हणालो. माइकही बंद होता, म्हणून ओरडून म्हणालो. मांडवातल्या माळा विझल्या होत्या, पंखे थांबले होते. लेननचा विचार इतका पुढे गेला असेल असं मला वाटलं नव्हतं. मी अंधारात त्या कात्रीबद्दल, त्या निर्णयाच्या धाडसाबद्दल बराच वेळ बोललो. सेक्रेटरीभाईंनी टाळ्याही वाजवल्या. मागून साउंडवाला दोन्ही हात हलवत होता, ते मी दाद म्हणून स्वीकारलं. मग वॉचमन लाल बादलीतली वाळू घेऊन माझ्या शेजारून धावत गेला, तेव्हा पहिल्यांदा मला ॲम्प्लिफायरमधून येणारा धूर दिसला.

पुढच्या वर्षीच्या समितीत त्यांनी मला घेतलं आहे. जनरेटर आणि डिझेलचं खातं माझ्याकडे. "उसका भी आवाज बडा है," सेक्रेटरीभाई म्हणाले, "लेकिन बंद पड गया, तो आप भाषण मत देना, डिझेल डालना."